शेगडी नवी, राख जुनी

गेल्या आठवड्यात वाईहून एका गृहस्थांचा फोन आला. "तुमच्या आईंचा फोटो पाहिला, शेगडीपुढे बसलेल्या. कशी चालते हो ती? घ्यावी म्हणतोय." मला आधी काही उमगेना. मग त्यांनी व्हॉट्सॲपवर पत्रक धाडलं. बघतो तर खरंच आमची आई! अंगावर तीच विटकी शाल, समोर काचेआड नाचणारी ज्योत, खाली ठळक अक्षरांत 'आता थंडी विसरा'. त्याखाली माझं नाव, माझा नंबर आणि 'समाधानी ग्राहक'.

ज्याने ही शेगडी विकून मला जवळपास नव्वद हजारांना टोपी घातली, तोच माझ्या आईच्या फोटोवर पुढची गिऱ्हाइकं पकडतोय. नाहीतर हे लिहिलं नसतं. मंडईत दोन रुपयांवरून मेथीची जुडी परत ठेवणारा माणूस मी, अशा गोष्टी चारचौघांत सांगायला जीभ रेटत नाही.

पानशेतच्या अलीकडे, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं दोन खोल्यांचं घर आहे. साडेतीनशे चौरस फूट, वर मंगलोरी कौलं. वडील गेल्यावर आईने कोथरूडच्या फ्लॅटवर यायला साफ नकार दिला. वय ७९, गुडघे कामातून गेलेले. थंडीत पहाटे पाण्यावरून जो गारठा येतो तो शहरात बसून कळायचा नाही. तर बाई काय करायच्या? रात्री चुलीतले निखारे घमेल्यात काढायचे, घमेलं कॉटशेजारी ठेवायचं आणि दारं-खिडक्या लावून झोपायचं. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं अख्खं कुटुंब गेल्याच्या बातम्या उत्तरेतून दर हिवाळ्यात येतात. आईला सांगितलं तर म्हणे, "तुझी आजी आयुष्यभर अशीच झोपली." यावर काय बोलणार!

म्हणजे गरज खरी होती. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात शहरातल्या एका प्रदर्शनात ही पेलेटची शेगडी पाहिली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लाकडाचा भुसा दाबून बोरूएवढ्या जाडीच्या कांड्या करतात, त्या पेलेट. शेगडीच्या पाठीत एक टाकी असते, तीत त्या भरायच्या. खालचा मळसूत्री दांडा फिरत फिरत थोड्या थोड्या कांड्या जळणाच्या वाटीत टाकतो. पेटवायला विजेची कांडी, धूर बाहेर ढकलायला एक पंखा, गरम हवा खोलीत सोडायला दुसरा. इटलीत हा प्रकार लाखो घरांत आहे आणि तिकडे तो उत्तम चालतो, हे मी आजही म्हणेन. यंत्रात खोट नाही. ते कुठे, कशावर आणि कोणाकडून चालवायचं, तिथे सगळी गोम आहे.

विक्रेता तिशीचा, बोलण्यात लोणी. "काका, पुण्यात १.७ अंश झालंय, माहितीये ना?" म्हणाला. माहीत होतं. दर थंडीत पेपरात येतं: शिवाजीनगरच्या वेधशाळेत, जुनी माणसं जिला अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथली ती नोंद. मी मान डोलावली. ती नोंद १७ जानेवारी १९३५ ची आहे, नव्वद वर्षांपूर्वीची, हे मला ठाऊक असूनही डोलावली. आपल्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्याने सांगितली की तो माणूस आपलाच वाटायला लागतो.

मी तीन प्रश्न विचारले. दिवसाला जळण किती? "एक किलो, काका." कुठलं चालेल? "काहीही. शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड, सगळ्याच्या कांड्या मिळतात, महाराष्ट्रात काय तोटा?" चिमणी? "धूरच नाही तर चिमणी कशाला? खिडकीतून एक पाइप काढला की झालं." तिन्ही उत्तरं धादांत खोटी होती. त्यातलं पहिलं तर मी तिथेच उभ्या उभ्या पकडायला हवं होतं. एक किलो चांगल्या लाकडी पेलेटमध्ये साधारण पावणेपाच युनिट उष्णता असते, शेगडीतून खोलीत येतात चारेक. ती रात्रीच्या दहा तासांत वाटा. झाले सतत चारशे वॉट, म्हणजे शंभराचे चार जुने बल्ब. वरून उघड्या कौलांची खोली चार बल्बांवर तापते का? दहावीचं गणित! पण समोर ज्योत नाचत होती ना.

शेगडी ७८ हजार, बसवण्याचे साडेसहा, आणि 'सरकारी अनुदानाच्या फॉर्मचे' साडेतीन. चाळीस टक्के खात्यात परत येणार म्हणे. ८८ हजार मी यूपीआयने पाठवले, तेही कंपनीच्या नव्हे, कोणा व्यक्तीच्या खात्यावर. "चालू खात्याला आज प्रॉब्लेम आहे काका." बायको शेजारी उभी होती. ती फक्त म्हणाली, "अहो, एकदा घर तरी बघून जाऊ दे त्यांना." मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

बसवायला तो स्वतः आला, सोबत एक पोरगा. आईच्या पाया पडला, दोन बशा पोहे खाल्ले, वर कौलांकडे एकदाही पाहिलं नाही. खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पत्रा लावून पाइप आडवा बाहेर काढला. सोबत दोन पोती पेलेट फुकट. आईला शेगडीपुढे बसवून फोटो काढला, तोच हा.

पहिले चार-पाच दिवस स्वर्ग. कांड्या पिवळसर, गुळगुळीत, पाइनच्या वासाच्या. राख अगदी नावापुरती. पण एका रात्रीत सात किलो उडायचं. वीस किलोचं पोतं तिसऱ्या रात्री तळाला. फोन केला तर म्हणाला, "ते इम्पोर्टेड होतं काका, आता ३८ रुपये किलो. लोकल १८ ने देतो." सात किलो गुणिले ३८, रात्रीचे २६६ रुपये. लोकल मागवलं.

आलं ते काळपट तपकिरी, बोटाएवढं जाड, हाताला चुरा लागणारं. शेतातल्या काडीकचऱ्याचे हे पेलेट खोटे नसतात. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये ते टनांनी जळतात, औष्णिक वीज केंद्रांत कोळशात मिसळतात. पण ते त्या मोठ्या भट्ट्यांसाठी. घरगुती शेगडीचा दांडा ६ मिलिमीटरच्या कांडीसाठी बनवलेला, तो जाड कांडीने अडकतो. शिवाय चांगल्या लाकडी पेलेटची राख शेकडा एकाच्याही आत असते, काडीकचऱ्याची पाच-दहापट, कधी त्याहून जास्त. आणि ती राख लवकर वितळते. सकाळी वाटी उघडली तर तळाशी काचेसारखा खडा, वीटभट्टीत जास्त भाजून वितळलेल्या विटेचा तुकडा असतो ना, तस्सा. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढावा लागला. वाटीची भोकं बुजली की हवा येत नाही, हवा नाही की ज्योत मंद, आणि मंद ज्योत म्हणजे धूर.

जानेवारीतली एक रात्र. मी बाहेरच्या खोलीत झोपलो होतो. दोनच्या सुमाराला लाइट गेली. आमच्याकडे वारा सुटला की जातेच. लाइट गेली की शेगडीचे दोन्ही पंखे बंद, पण वाटीतलं जळण धुमसतच राहतं. उभी चिमणी असती तर गरम धूर आपोआप वर खेचला गेला असता. आडव्या पाइपात त्याला वर जायचं काही कारणच नव्हतं, उलट पाण्यावरचा वारा तोंडावर येऊन त्याला आत रेटत होता. आईच्या खोकल्याने जाग आली. आत गेलो तर टॉर्चच्या उजेडाचा खांब दिसत होता, इतका धूर. तिला अक्षरशः उचलून ओट्यावर आणली. ती थरथरत होती आणि मला म्हणत होती, "घमेल्याने कधी असं केलं नव्हतं रे."

ज्या विषापासून तिला वाचवायला मी हे घेतलं, ते मी पैसे मोजून तिच्या कॉटशेजारी आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वेल्डरला बोलावलं. त्याने ज्योतीमागची बिडाची जाड प्लेट काढली आणि म्हणाला, "दादा, किती वर्षं वापरताय?" मी म्हटलं, दीड महिना. त्याने काही न बोलता बोट आत घालून खरवडलं. काजळीचे थर निघाले, डांबरासारखे चिकटून कडक झालेले. त्यांच्या मागे जुनी राख, दगड झालेली. मग त्याने पाठीवरच्या चकचकीत स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली दुसरा स्टिकर, पिवळा पडलेला, त्यावर वेगळा क्रमांक आणि २०११ साल. कोणाच्या तरी घरातून काढून, रंग मारून आमच्या गळ्यात बांधलेली. वेल्डरने तो कोपरा पुन्हा चिकटवून ठेवला, पुरावा म्हणून. त्याचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं.

मग नेहमीचं चक्र. फोन उचलणं बंद. अनुदानाची अशी कोणती योजनाच मला सापडली नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा, दिसायला फक्कड. सरकारच्या पोर्टलवर टाकला तर 'रद्द', तोही प्रदर्शनाच्या कितीतरी आधीपासून. दोन मिनिटांचं काम, फुकट, मोबाइलवर. पैसे द्यायच्या आधी केलं असतं तर! पत्त्यावर गेलो तर ती महिन्याने भाड्याने मिळणारी टेबलं असलेली जागा. रजिस्टर्ड नोटीस परत आली.

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे तक्रार नोंदवली. मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही; दोन वर्षांच्या आत जायचं एवढंच. पोलिसांत फसवणुकीचा अर्जही दिलाय. तारखा चालू आहेत. विक्रेत्याने 'कुठलंही जळण चालेल' हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं, त्याचा उपयोग होईल असं वकीलबाई म्हणतात. तोंडी बोललेलं बाकी सगळं सिद्ध करणं कठीण.

वाईच्या गृहस्थांना मी सांगितलं ते असं. आधी शेगडी बघू नका, जळण बघा. तुमच्या गावात ६ मिलिमीटरचं लाकडी पेलेट पुढची तीन वर्षं दोन-दोन पोती करून कोण देणार, त्याच्याशी बोला. मला पुण्यात घरगुती गिऱ्हाइकाला विचारणारा एकही भेटला नाही, सगळ्यांना ट्रक भरून ऑर्डर हवी. मिळालंच तर मूठभर मागा, ग्लासभर पाण्यात टाका. नीट दाबलेली कांडी बुडते, तरंगली तर भुसभुशीत. शंभर ग्रॅम जाळून राख तोला. एक ग्रॅमच्या वर गेली तर नमस्कार करून निघा. आणि पावसाळ्यात पोती कुठे ठेवणार? आमचं उरलेलं एक पोतं ऑगस्टमध्ये सोडलं तर आत निव्वळ भुसा, दमट हवेनेच फुललेला. शेगडी बघायला गेलात तर ज्योतीकडे पाहू नका, प्लेट काढायला लावा. उभ्या चिमणीशिवाय आणि लाइट गेल्यावर पंखा चालवणाऱ्या बॅटरीशिवाय झोपायच्या खोलीत तर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र घ्या, शेगडी घ्या न घ्या. कोळशाचं घमेलं वापरणाऱ्यांनी तर आधी.

ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "ॲडव्हान्स कालच दिलाय हो." मी त्यांना १९१५ नंबर दिला, आणि चॅट पुसू नका म्हणालो.

आमच्या घरी आता कौलांखाली बांबूच्या चटईचं छत आहे, वर जुन्या गोधड्यांचा थर, खिडक्यांच्या फटींना नमद्याच्या पट्ट्या. सगळं मिळून बावीस हजार, सुतारासकट. निम्मी थंडी तिथेच अडली. उरलेल्या निम्मीसाठी आत तेल भरलेला विजेचा हीटर, तो पहाटे दोन तास लावला तरी पुरतो. लाइट गेली तर तो निमूट गार होतो, कोणाचा जीव घेत नाही. बायकोने यावर एक अक्षर काढलेलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

शेगडी ओट्यावर आहे, आयोगाचा निकाल लागेपर्यंत हलवायची नाही. आई तिच्यावर सांडगे वाळत घालते. पत्रक दाखवलं तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "शाल तरी चांगली घालायला सांगायची होतीस." आणि मग थोड्या वेळाने, "पोहे दोनदा मागून खाल्लेन रे त्या पोराने."