स्लीपनंतर वायफाय गायब होणाऱ्या लॅपटॉपसाठी घेतलेला यूएसबी वायफाय अडॅप्टर – चार महिन्यांनंतर

आधी माझा त्रास काय होता ते सांगते, म्हणजे हा अडॅप्टर तुमच्या कामाचा आहे का ते तुम्हाला लगेच कळेल. लॅपटॉप जुना, विंडोज १०. झाकण बंद केलं की स्लीपमध्ये जायचा आणि उघडला की खाली कोपऱ्यात वायफायच्या चिन्हाऐवजी नुसता पृथ्वीचा गोळा, नेटवर्कची यादी रिकामी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या हार्डवेअरची यादी) बघावं तर वायफाय कार्डाचं नावच नाही, जणू कार्ड कुणी काढूनच नेलंय. मीटिंगला पाच मिनिटं असताना हे झालं की काय होतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

आणि शट डाउन करून परत चालू केलं तरी यायचं नाही, रीस्टार्ट केलं की यायचं! हे मला कितीतरी दिवस समजत नव्हतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण होतच नाही, विंडोज आपली अर्धी अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) त्याच बिघडलेल्या अवस्थेत परत उठतो, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने लोड होतं.

पैसे घालवायच्या आधी एक गोष्ट नक्की करून बघा. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमच्या कार्डावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंट टॅब, आणि 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' याच्यापुढची टिक काढा. खूप जणांचं एवढ्यावरच भागतं. माझंही दोन-तीन आठवडे भागलं, मग अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला, टिक परत आली, ती काढली तरी काही उपयोग नाही, जुन्या ड्रायव्हरवर परत गेले तरी तेच. नवीन लॅपटॉपवर जिथे मॉडर्न स्टँडबाय (स्लीपचा नवा प्रकार) असतं तिथे हा टॅब बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे शोधत बसू नका.

तर शेवटी हा अडॅप्टर घेतला, अँटेनावाला, दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ). बॉक्समध्ये ड्रायव्हरची छोटी सीडी आली, लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, मग फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर (म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देऊन) ड्रायव्हर उतरवला. कंपनीने याचा विचार करायला हवा होता, ज्याचं नेटच चालत नाही तोच माणूस ही वस्तू घेतो ना.

लावल्यावर आतलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल केलं, नाहीतर दोन्ही एकाच वेळी कनेक्ट व्हायला जातात. ब्लूटूथ त्याच कार्डावर आहे पण ते वेगळं डिव्हाइस म्हणून दिसतं, त्यामुळे माझा माउस आणि हेडफोन व्यवस्थित चालू राहिले.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच आठवड्यात एकदा हाही स्लीपनंतर उठला नाही, हिरवा दिवा लुकलुकतोय पण नेटवर्क नाही, आणि मला खरंच रडू आलं. पण फरक असा की हा काढून परत खोचला की दहा सेकंदात नेट सुरू, रीस्टार्ट नाही, उघडलेल्या फायली बंद करणं नाही. आतलं कार्ड असं उपटता येत नाही! मग पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरणं झोपवणारी सोय) बंद केलं आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही अडलं नाही, दिवसातून चार-पाच वेळा झाकण बंद-उघड होतं तरी.

स्पीडबद्दल थोडं. शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली की २.४ गिगाहर्ट्झवर नेट एकदम मंदावायचं, कारण यूएसबी ३ चा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने अडॅप्टर लांब ठेवला आणि ५ गिगाहर्ट्झवर गेले, प्रश्न मिटला. मोठ्या कॉलनंतर बराच गरम होतो, हात लावला की जाणवतं.

लिनक्सवाल्यांनी घेण्याआधी आतली चिप कुठली ते बघाच, जिचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे तीच घ्या, बाहेरून बसवलेला ड्रायव्हर कर्नेल अपडेट झालं की बंद पडू शकतो.

पाचपैकी चार देते. एक कापला तो सीडीसाठी आणि गरम होण्यासाठी.