खिडकी बदलताय? आधी भिंत कुठल्या दिशेची आहे ते बघा

मुंबईत खिडक्या बदलायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी (खिडक्यांचं कडक प्लॅस्टिक)? लगेच दुसरा: कुठल्या कंपनीचं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा नंबर नंतरचा. आधी खिडकी पश्चिम-नैऋत्येच्या भिंतीत आहे की पूर्वेच्या, ते पाहायला हवं. जून ते सप्टेंबर इथला पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो आणि बहुतेक वेळा समुद्राच्या बाजूनेच येतो. पूर्वेला जी साधी स्लायडिंग वर्षानुवर्षं मुकाट चालेल, तीच पश्चिमेला पहिल्याच पावसाळ्यात गादी भिजवेल. सगळ्या घराला एकच प्रकार लावायचा हट्ट सोडला, तर पैसेही वाचतात आणि पाणीही थांबतं. सोसायटीला बाहेरून एकसारखं दिसायला हवं असतं. त्यासाठी रंग आणि झडपांची विभागणी सारखी ठेवली की बहुधा भागतं.

पाणी कुठून येतं

स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते गृहीत धरलेलं आहे. ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकला भोकं असतात. गडबड होते ती वाऱ्याच्या दाबाने. ताशी ७२ किलोमीटरचा वारा समोरून आपटला की साधारण २४० पास्कल दाब येतो, म्हणजे जवळपास २४ मिलिमीटर उंचीच्या पाण्याला तोलून धरेल इतका. झोत चालू असेपर्यंत भोकातून पाणी बाहेर पडत नाही, उलट चढतं. ट्रॅकची आतली कड त्यापेक्षा ठेंगणी असली की पाणी कड ओलांडून ग्रॅनाइटवर आणि तिथून भिंतीवर. घराच्या विरुद्ध बाजूची, स्वयंपाकघराची खिडकी उघडी असेल तर दाब आणखी वाढतो.

तौक्ते वादळात १७ मे २०२१ला कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. तोच हिशेब लावला तर सहा सेंटीमीटर पाणी होतं. इतकी उंच कड घरगुती स्लायडिंगला नसते, तेव्हा ‘पाणी येणारच नाही’ असं कोणी लिहून देत असेल तर कुठल्या वाऱ्यापर्यंत, हेही लिहून घ्या.

म्हणून दुकानात सेक्शनचा, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीचा, तुकडा हातात घ्या आणि आतली कड पट्टीने मोजा. २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पश्चिमेला नको. ४० च्या आसपास असेल तर बऱ्यापैकी. ब्रॅंडेड खिडकीचे जास्तीचे पैसे कशाचे, याचं अर्धं उत्तर या एका मापात आहे.

ओपनेबल, म्हणजे दारासारखी उघडणारी खिडकी, हा प्रश्नच मिटवते. हॅंडल फिरवलं की झडप चारही बाजूंनी रबरावर दाबली जाते. पाणी, धूळ, आवाज तिन्ही बाबतीत ती स्लायडिंगपेक्षा सरस. मग मुंबईभर स्लायडिंगच का? ग्रील. बाहेर पेटी-ग्रील असेल आणि ती खोल नसेल, तर बाहेर उघडणारी झडप ग्रीलला आपटते. आत उघडावी तर दहा बाय दहाच्या खोलीत पडदा, पलंग आणि कपाट वाटेत येतात. ग्रील आतून आणि झडप बाहेर हा मार्ग उरतो, पण मग मच्छरजाळी कुठे, हा पेच. त्याला गुंडाळी जाळी किंवा घड्यांची जाळी हे उत्तर आहे. ती नाजूक असते, लहान मुलं असतील तर फार टिकत नाही. (ग्रील नव्याने करणार असाल तर त्यात कुलपाचं उघडणारं दार ठेवाच. आगीच्या वेळी तीच वाट असते.)

ॲल्युमिनियम

फॅब्रिकेटरकडे, म्हणजे खिडकी बनवून देणाऱ्याकडे, तीन दर्जे मिळतात. सगळ्यात खाली पातळ भिंतीचं साधं टू-ट्रॅक किंवा थ्री-ट्रॅक. त्यावर डोमल, हे आपल्याकडे कंपनीचं नव्हे, सेक्शनच्या प्रकाराचं नाव झालेलं आहे, त्यामुळे ‘डोमल लावतो’ एवढ्यावरून दर्जा कळत नाही. आणि वर सिस्टिम विंडो, ज्यात सेक्शन, रबर, बेअरिंग (झडपेखालची चाकं), लॉक सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं.

कोटेशनवर सेक्शनच्या भिंतीची जाडी लिहून घ्या. बाहेरच्या चौकटीला १.५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. वरच्या मजल्यावर, मोठ्या मापाला २ मिलिमीटर. मुंबईला वाऱ्याचा मूळ वेग, ज्यावरून इमारतीवरचा दाब काढतात, भारतीय मानकात सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, आणि मजला चढेल तसा दाब वाढतो. मधला उभा दांडा, जिथे दोन झडपा भेटतात, तोच आधी वाकतो. पातळ सेक्शनवर अंगठ्याने दाबून पाहा, फरक कळतो.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात ते अर्धसत्य. त्यावर पांढरी भुकटी येते, खड्डे पडतात. वर्सोवा, वरळी, मरीन ड्राइव्ह अशा समुद्राला लागून असलेल्या घरांत ॲनोडायझिंग (विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर) २५ मायक्रॉनचं घ्या, किंवा पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला रंग) किमान ६० मायक्रॉनचं, तेही आधी रासायनिक धुणं नीट झालेलं. पण बाकीच्या फ्रेमच्या आधी मरतात त्या स्क्रूच्या जागा. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला टेकला आणि खारं पाणी मिळालं की दोन धातूंची बॅटरीच तयार होते, आणि त्यात स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम झिजतं. स्क्रू आणि फ्रिक्शन स्टे (झडप धरून ठेवणारी सरकती बिजागरी) ३०४ ग्रेडचे स्टेनलेस हवेत, समुद्रासमोर ३१६.

साध्या डोमलचं आणखी एक दुखणं म्हणजे खालचे कोपरे. ट्रॅक सरळ कापून स्क्रूने जोडतात, आणि त्या फटीतून पाणी थेंब थेंब भिंतीत जातं. वर काहीच दिसत नाही. सप्टेंबरात खिडकीखालचा रंग फुगतो आणि दोष बिचाऱ्या रंगाऱ्याला मिळतो. जोडताना कोपऱ्याच्या आतून सीलंट भरलं का, ते डोळ्यांनी बघा. नंतर वरून सिलिकॉनची रेघ मारून ते भरून निघत नाही.

यूपीव्हीसी

इथे कोपरे वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यातून गळती होत नाही. खाऱ्या हवेशी या प्लॅस्टिकचं काही वाकडं नाही. दुबळी बाजू आतली. प्रोफाइलमध्ये, म्हणजे यूपीव्हीसीच्या पोकळ सेक्शनमध्ये, ताकदीसाठी जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी घालतात. पट्टी पातळ घातली, किंवा झडपेत घातलीच नाही, तर मोठी झडप झोल खाते आणि लॉक लागेनासं होतं. पट्टीची जाडी किमान १.२ मिलिमीटर, मोठ्या मापाला १.५ ते २. आणि हो, ‘झडपेतही आहे का’ हे विचारा.

प्रोफाइलच्या दर्शनी भिंतीची जाडी युरोपीय मानकात अ वर्गाला २.८ मिलिमीटर, ब वर्गाला २.५. तुकडा मागून व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या साधनाने) मोजता येते. हलका माल पश्चिमेच्या उन्हात पिवळट आणि खडूसारखा होतो. लाकडी रंगाची फॉइल लावलेली फ्रेम उन्हात पांढरीपेक्षा बरीच जास्त तापते. तापमान ३० अंशांनी बदललं तर दोन मीटर यूपीव्हीसी साधारण ४ मिलिमीटर लांबतं, ॲल्युमिनियम दीड. म्हणून पश्चिमेला गडद रंग हवा असेल तर ॲल्युमिनियम. यूपीव्हीसी घ्यायचं तर पांढरं.

जाडजूड चौकट हा तिसरा मुद्दा. चार फुटांच्या खिडकीत चौकट आणि झडपा मिळून काचेचा बराच हिस्सा खातात. गिरगावातल्या अरुंद गल्लीत, जिथे उजेड आधीच तोळामासा, तिथे हे जाणवतं.

‘यूपीव्हीसीने एसीचं बिल कमी होतं’ हे वाक्य थंड देशातून आलेलं आहे. प्लॅस्टिकमधून उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा फारच कमी जाते, हे खरं. पण मुंबईत बाहेर ३३ आणि आत २५ असा जेमतेम आठ अंशांचा फरक असतो. इथे उष्णता येते ती काचेतून थेट उन्हाने आणि फटीतून दमट हवेने. पैसे फ्रेमच्या इन्सुलेशनवर घालण्यापेक्षा उन्हाची उष्णता अडवणाऱ्या काचेवर आणि चांगल्या रबरावर घाला.

लाकडाबद्दल थोडक्यात: जुन्या इमारतीतली सागवानी चौकट शाबूत असेल तर ती उखडू नका. झडपा दुरुस्त करून घेणं नव्या स्वस्त खिडकीपेक्षा शहाणपणाचं. नवीन लाकूड मात्र दर दोन-तीन वर्षांनी पॉलिश किंवा ऑइलपेंट करायची तयारी असेल तरच. जुन्या लोखंडी झेड सेक्शनच्या खिडक्या तळाशी पापुद्रे धरू लागल्या असतील, तर त्यांचा मोह नको.

नावं

खिडकीवर ज्याचं नाव दिसतं त्याने नेमकं काय बनवलंय, ते आधी समजून घ्या. डीसीएम श्रीरामची फेनेस्टा प्रोफाइलपासून खिडकी बसवण्यापर्यंत सगळं स्वतःकडे ठेवते. गळलं तर कोणाला धरायचं, ते स्पष्ट. त्याबदली साइटवर आयत्या वेळी बदल होत नाहीत, आणि पुढे सुटा भागही त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. वेका, रेहाऊ, कोमरलिंग या जर्मन घराण्यांचं आणि बेल्जियमच्या डेक्युनिंकचं गणित वेगळं: त्यांचं प्रोफाइल, खिडकी स्थानिक फॅब्रिकेटरची. प्रोफाइल उत्तम, पण वेल्डिंग, लोखंडी पट्टी आणि फिटिंग ज्याच्या त्याच्या हातचं. तिथे कारखाना बघून या, ब्रोशर नंतर.

ॲल्युमिनियममध्ये लिक्सिल या जपानी कंपनीची टॉस्टेम आणि हिंडाल्कोची एटर्निया या सिस्टिम खिडक्या. वादळी पावसाच्या देशातून आलेल्या टॉस्टेमच्या ट्रॅकचा पाण्याचा विचार जवळून बघण्यासारखा आहे. शूको त्याही वरच्या दरात. दोन खिडक्यांच्या कामाला तो तामझाम लागत नाही. जिंदाल हे सेक्शनचं नाव, खिडकीचं नव्हे. ‘जिंदालमध्ये देतो’ म्हणणाऱ्याकडे सेक्शन खरेदीचं बिल मागा.

काचेत सेंट-गोबेन, एआयएस, मोदीगार्ड, यातलं कुठलंही चालेल, प्रकार महत्त्वाचा. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच फुटली की तिचे बारीक तुकडे थेट खाली पडतात, आणि खाली रस्ता असतो. वरच्या मजल्यावर लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली) बरी, फुटूनही फ्रेममध्ये टिकते. रुळाला लागून घर असेल तर ३ अधिक ३ किंवा ४ अधिक ४ मिलिमीटरची लॅमिनेटेड आणि ओपनेबल झडप ही जोडी घ्या. सारख्या जाडीच्या दोन काचांची ५-१२-५ (मध्ये १२ मिलिमीटर पोकळी) डबल ग्लेझिंग गाड्यांच्या घरघरीला म्हणावं तितकं अडवत नाही. शिवाय वजन: काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. दोन बाय चार फुटांची ५ मिलिमीटरची झडप साधारण ९ किलो, डबल केली की १८. जुनीच बेअरिंग ठेवून काच वाढवली की वर्षाच्या आत झडप घासायला लागते.

बसवणं, जिथे बहुतेक खिडक्या हरतात

माप तीन ठिकाणी घ्यायचं, रुंदी आणि उंची दोन्ही. सर्वांत कमी माप धरून त्यातून १० मिलिमीटर वजा. दोन्ही कर्ण मोजा. जुन्या इमारतीत खिडकीचा गाळा काटकोनात नसतोच. नुसती काच-झडप नाही, चौकटीसकट बदलायचं असेल तर माप जुनी चौकट काढल्यावर पक्कं करा, नाहीतर ती फट सिलिकॉनने भरली जाते. सिलिकॉन १० मिलिमीटरच्या वर नीट टिकत नाही. त्यामागे फोम किंवा सिमेंटचा मसाला हवा.

चौकट भिंतीला धरणारे अँकर कोपऱ्यापासून १५० मिलिमीटरवर आणि पुढे जास्तीत जास्त ६०० मिलिमीटरच्या अंतराने. खालच्या ट्रॅकमध्ये ड्रिल मारू देऊ नका. मारलंच तर त्या छिद्राची टोपी आणि सीलंट झालेलं बघा, कारण ट्रॅकचं पाणी तिथूनच भिंतीत उतरतं. ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार, आणि बाहेर आलेल्या कडेला खालून खाच, म्हणजे थेंब तिथेच तुटतो, भिंतीला चिकटून खाली ओघळत नाही.

सिलिकॉन न्यूट्रल मागा. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसेटिक. ती मसाला, मार्बल आणि धातू, तिघांनाही बाधते. दुकानात दोन्हींच्या ट्यूब शेजारी-शेजारी असतात, आणि स्वस्त कोणती ते सांगायला नको.

कोटेशन तुलनेत धरताना दर चौरस फूट बघून फसू नका. काचेची जाडी, जाळी, जुनी खिडकी काढणं, डेब्रिज, माल वर चढवणं, परांची, प्लास्टर-रंगाची दुरुस्ती, जीएसटी: यातलं काय धरलंय ते प्रत्येकाकडून एकाच कागदावर लिहून घ्या. छोट्या खिडकीला काहीजण किमान क्षेत्रफळ लावतात, तेही विचारा. काम ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये उरका. मे महिन्यात सगळी मुंबई फॅब्रिकेटरच्या मागे असते.

शेवटचा हप्ता पाण्याची परीक्षा झाल्यावरच द्या. साधी नळी, बाहेरून, आधी खालच्या ट्रॅकवर, मग बाजूंना, शेवटी वर, प्रत्येक जागी दहा मिनिटं. खालून सुरुवात करायची, म्हणजे पाणी कुठल्या सांध्यातून येतंय ते कळतं. वरून मारलं की सगळंच ओलं. नळी बंद केल्यावर ट्रॅकमधलं पाणी पाच मिनिटांत निघून गेलं नाही, तर बाहेरची भोकं बुजलेली आहेत. पुढे ती कबुतरांच्या पिसांनी बुजतात, पण पहिल्या दिवशी बुजलेली असतील तर बहुतेक वेळा कारागिराच्याच सिलिकॉनने.