रोबो की ड्रमवाला व्हॅक्यूम?

रोबो, म्हणजे घरभर आपोआप फिरून धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, हा रोजच्या धुळीचा गडी. उंची साधारण ९-१० सेंटिमीटर, त्यामुळे केरसुणी जिथे क्वचितच पोचते त्या पलंगाखाली तो आरामात शिरतो. पण त्याची धूळपेटी बहुधा अर्ध्या लिटरच्या आतबाहेरची, आणि २ सेंटिमीटरहून उंच उंबरठा आला की बहुतेकांची स्वारी तिथेच अडते. चार्जरच्या वायरी, मोजे आधी उचलून ठेवायचे. दारातल्या रांगोळीचं तर विचारूच नका.

ड्रमवाला 'वेट अँड ड्राय' (ओलं-सुकं दोन्ही ओढणारा) अवजड, आवाज कानठळ्या बसवणारा, वायर ओढत फिरायचं ते वेगळंच. पण सोफा, गाद्या, खिडकीची जाळी, स्लायडिंगच्या खोबणीतली माती ही कामं रोबोच्या हातची नाहीतच. १०-२० लिटरच्या ड्रममध्ये पावसाळ्यात बाल्कनीतून आत आलेलं पाणीही ओढून घेता येतं. फक्त त्याआधी कागदी पिशवी काढून स्पंजचा फिल्टर लावायचा, नाहीतर आत लगदा.

एकच घ्यायचा तर माझं मत ड्रमवाल्याला. केर काढायला मावशी रोज येत असतील तर रोबोला काम तरी काय उरतं? मात्र दोघंही नोकरीला, घरात मांजर आणि फरशी सलग, बिनउंबरठ्याची असेल, तर खुशाल रोबो घ्या.