पहिला गेमिंग पीसी: तयार घ्यायचा की जुळवायचा?

साठ हजारांचं बजेट आहे असं धरून चालू. मॉनिटर-कीबोर्ड त्यात नाहीत. कॅबिनेट आणि त्याच्या पोटात जे काही असेल तेवढंच. १०८० रिझोल्यूशनवर चालू काळातले गेम नीट चालावेत, एवढी माफक अपेक्षा. इतक्या पैशांत तयार पीसी घ्यावा की सुटे भाग आणून जुळवावा? आपल्या बाजारात तयार पीसीही तीन तऱ्हेचे मिळतात. एक एचपी, लेनोवो, एसर अशा कंपन्यांचा सीलबंद डेस्कटॉप. दुसरा ऑनलाइन विकला जाणारा, झगमगत्या पंख्यांचा, ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ असं लिहिलेला डबा. तिसरा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या जिल्ह्याच्या गावातल्या दुकानात जोडून दिलेला.

या दुसऱ्याचा निकाल आधी लावू, कारण पहिल्यांदा घेणारा माणूस नेमका तिथेच फसतो. किंमत वीस-पंचवीस हजार, त्यामुळे मोह होतो. जाहिरातीत आय७ ची पिढी कोणती हे लिहिलेलं नसतं किंवा शोधावं लागतं. आत बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२ चा प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बिननावाचा मदरबोर्ड आणि जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड निघतं. हे कार्ड २०१४ चं, आणि तेव्हाही ते गेमिंगचं नव्हतं. २०२२ चा साधा आय३-१२१०० एफ त्या आय७ ला आरामात मागे टाकतो. दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या बोर्डांवर नसते. विक्रेता काहीतरी खटपट करून विंडोज ११ टाकून देतो. पण व्हॅलोरंटची चीटिंगविरोधी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) दोन्ही तपासते आणि गेम सुरूच होऊ देत नाही. घरी आणल्यावर पोरगं पहिल्यांदा तोच गेम लावणार असतं. तेव्हा हा डबा यादीतून बाद.

आता खरी लढत. सीलबंद ब्रँडेड पीसीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि हौशी मंडळी ते कबूल करत नाहीत. बिल एक, वॉरंटी एक, विंडोज अस्सल, हप्त्यांची सोय. काही बंद पडलं तर एका नंबरवर फोन करायचा. ऑनसाइट सेवा असेल तर माणूस घरी येतो. पुण्या-मुंबईत याची किंमत कळत नाही. गाव तालुक्याचं असेल, तर ग्राफिक्स कार्ड खोक्यात भरून शहरातल्या सर्व्हिस सेंटरला कुरिअर करणं आणि तीन आठवडे वाट बघणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

पण त्या पत्र्याच्या आत काटकसर कुठे केलेली असते, ते बघायला हवं. पुढे दिसणारे आकडे, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डाचं नाव, चांगले असतात. कात्री लागते ती न दिसणाऱ्या ठिकाणी. १६ जीबी रॅम दोनऐवजी एकाच पट्टीत, म्हणजे सिंगल चॅनेल. गेममध्ये त्याने फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, घटतात. मदरबोर्ड कंपनीचा स्वतःच्या मापाचा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएसचा (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा) कनेक्टर नेहमीचा २४ पिनचा नसतो, त्यामुळे दोन वर्षांनी मोठं कार्ड टाकावंसं वाटलं तर एसएमपीएस बदलता येत नाही; तो बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि तो नवा बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये बसेलच असं नाही. वॉरंटीही सहसा वर्षाचीच. सुट्या भागांत ग्राफिक्स कार्ड, बोर्ड, खोक्यातला प्रोसेसर यांना बहुतेक वेळा ३ वर्षं आणि बऱ्या एसएमपीएसला ५ वर्षं मिळतात.

स्वतः जुळवायचं तर साठातले पैसे कुठे जावेत? माझ्या मते तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के एकट्या ग्राफिक्स कार्डावर. प्रोसेसरवर नाही. रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४०० एफ या कामाला पुरून उरतात, आणि त्यांच्यासोबत आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० यांपैकी त्या दिवशी जे खिशात बसेल ते. इंटेलचं आर्क बी५८० हे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी मेमरीमुळे कागदावर ते भुरळ पाडतं. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, त्यामुळे जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरसोबत ते मार खातं. पहिल्याच पीसीत हा धोका मी पत्करणार नाही. आणि प्रोसेसरच्या नावातला ‘एफ’ लक्षात ठेवा: त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी.

एसएमपीएसवर मात्र हात आखडू नका. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा ‘४५० वॅट’चा हलका डबा हातात घेऊन बघा, वजनावरूनच कळतं. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), ५५० वॅट, नाव असलेल्या कंपनीचा. लाइट ये-जा करते अशा गावात यूपीएसही त्याच हिशेबात धरा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. असा पीसी आणि मॉनिटर तो काही मिनिटं सांभाळेल, गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता.

जोडणीची भीती बहुतेकांना असते तेवढी ती अवघड नाही, पण दोन-तीन जागा खरंच नाजूक आहेत. ५६०० सारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात. तो सोन्याचा त्रिकोण जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. इंटेलच्या बोर्डावर पिना सॉकेटमध्ये असतात आणि पट्टी बंद करताना करकर असा आवाज येतो, काहीतरी मोडलं असं वाटतं, मोडलेलं नसतं. रॅमला चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. सगळ्यात वैताग देतात त्या पॉवर बटणाच्या मूग-मटकीएवढ्या क्लिपा. बोर्डाचं पुस्तक उघडं ठेवलं तर दुपारभरात काम होतं.

तरीही पहिल्या पीसीसाठी मला सर्वात शहाणा वाटतो तो तिसरा मार्ग: भाग आपण ठरवायचे, स्क्रू दुकानदाराने फिरवायचे. काही चालू झालं नाही तर कोणता भाग मेला आहे हे शोधायला त्याच्याकडे दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस पडलेला असतो, आपल्याकडे नसतो. अट एकच, यादी मॉडेल नंबरासकट लिहून न्यायची आणि तिच्यावरून हटायचं नाही. ‘हे तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ते बहुधा एसएमपीएस किंवा एसएसडीबद्दल असतं. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला की ट्रेवरचा (खोक्याशिवाय सुटा), तेही विचारा. ट्रेवाल्याला उत्पादकाची खोक्यातल्यासारखी वॉरंटी नसते. ‘बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के वाचतील’ या गोडीला भुलू नका. दोन वर्षांनी कार्ड बंद पडेल तेव्हा सीरियल नंबर लिहिलेलं बिलच कामाला येतं. सगळी रिकामी खोकी घरी आणा, दुकानात सोडू नका.

किमतींचा हिशेब मात्र जुन्या सल्ल्यांवरून करू नका. ‘जुळवलेला नेहमी स्वस्त’ हे बरीच वर्षं खरं होतं. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचंही जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांनी आधी घेऊन ठेवलेल्या मालामुळे अशा वेळी एखादा सीलबंद पीसी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतो. खरेदीच्याच आठवड्यात दोन्ही बेरजा मांडा. फरक पाच हजारांच्या आत असेल तर जुळवलेला घ्या, सीलबंदच दहा हजारांनी स्वस्त असेल तर तो घ्या, फक्त रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का आणि एसएमपीएस प्रमाणित मापाचा आहे का हे विचारून.

साठ हजार नाहीतच, तीसच आहेत? मग वापरलेला ऑफिसचा टॉवर, आठव्या पिढीचा आय५ किंवा पुढचा, आणि त्यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड. ते ७० वॅटच घेतं आणि बहुतेक मॉडेलांत वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून कंपनीचा छोटा एसएमपीएस चालून जातो. टॉवर चपटा असेल तर बुटकं (लो प्रोफाइल) कार्ड शोधावं लागेल, एवढंच.

कोणताही घेतलात तरी घरी आल्यावर मॉनिटरची केबल बोर्डात नाही, ग्राफिक्स कार्डात लावा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० दाखवत असेल तर बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू करायचं राहिलंय. मग एखादा जड गेम तासभर सलग चालवा, आणि हे सगळं बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत उरकून घ्या.