कामावर शिकलेलं ठेवायचं कुठं: खिशातली वही, फोनमधलं कीप की गुगल शीट?

जळगावच्या एमआयडीसीत मोल्डिंग, पाईप किंवा चटईच्या मशीनवर तीन-चार वर्षं काढलेला माणूस पुष्कळ शिकलेला असतो. भुसावळच्या लोको शेडमधला टेक्निशियनही तसाच. खरी पंचाईत होते ती पुण्याच्या कंपनीत इंटरव्ह्यूला किंवा खात्यातल्या बढतीच्या परीक्षेला बसल्यावर. "आतापर्यंत कोणकोणते फॉल्ट काढले?" असं विचारलं की "सगळंच केलंय साहेब" एवढंच तोंडातून निघतं. हात शिकलेले असतात, पण तारीख, आकडा आणि कारण विसरलेलं असतं.

म्हणून नोंद ठेवायची. कशात ठेवायची, एवढाच प्रश्न उरतो. आमचं मत आधीच सांगतो: पाळीत उभ्यानं काम करणाऱ्यानं रोजची नोंद खिशातल्या वहीत करावी आणि आठवड्यातून एकदा निवडक नोंदी गुगल शीटमध्ये, म्हणजे रकान्यांच्या ऑनलाइन तक्त्यात, चढवाव्यात. ऑफिसात बसून काम करणाऱ्यानं वहीच्या भानगडीत न पडता थेट शीट उघडावं. गुगल कीप हे टिपणांचं ॲप कामाचं आहे, पण सगळी भिस्त त्यावर टाकू नये.

लिहिताना

मशीनशेजारी वहीला तोड नाही. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर फोन चालत नाही. चालत असला तरी तेलकट हातानं, हातमोजे घालून देवनागरी टाइप करणं जमत नाही. शर्टाच्या खिशात मावेल अशी, शिवलेल्या बांधणीची वही घ्या; स्पायरलची तार खिशात वाकते आणि पानं सुटतात. पेन साधा बॉलपेन. जेल पेनची शाई घामानं फुटते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात खिशातली वही दुपारपर्यंत ओलीच होते. पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा, बाकीच्या पानांना पहिल्याच दिवशी नंबर टाका. रोज अर्धं पान आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर दोनशे पानी वही साधारण सव्वा वर्ष पुरते.

नोंद किती लिहायची, यावर बहुतेकांची गाडी अडते. पाच ओळी पुरेत. हा एक नमुना (पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक, दाणा म्हणजे त्याचा कच्चा माल, बॅरल म्हणजे दाणा वितळवणारी नळी, सिल्व्हर स्ट्रीक म्हणजे मालावरच्या चंदेरी रेघा):

"१२ जुलै, रात्रपाळी. पीसी कव्हर. सिल्व्हर स्ट्रीक, तासाला ४० नग रिजेक्ट. आधी बॅरल टेम्परेचर कमी केलं, फरक नाही. गोणी संध्याकाळपासून उघडी, ड्रायर १२० वर पण दाणा टाकून एकच तास झालेला. ड्रायर चांगलं शे, टाइम कमी पडना. ४ तास सुकवल्यावर तासाला ३ नग."

यात काय चुकलं, काय करून पाहिलं, कशाचा उपयोग झाला नाही आणि शेवटी कारण काय निघालं, हे सगळं आलंय. उपयोग न झालेला उपाय लोक लिहीत नाहीत, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यातच अर्धा तास घालवतात. पॉलिकार्बोनेटचा दाणा हवेतली ओल ओढून घेतो. १२० अंशांवर तीन-चार तास सुकवल्याशिवाय तो बॅरलमध्ये गेला, तर ओलीची वाफ होऊन मालावर चंदेरी रेघा उठतात आणि नग ठिसूळही होतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कमी वेळात भागलं, म्हणून जुलैत भागेल असं नाही. हा फरक कळायला दोन्ही महिन्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी असाव्या लागतात. मधली अहिराणी ओळही राहू द्या. जी भाषा डोक्यात येते तीतच नोंद लवकर होते.

कीप इथं दुसऱ्या नंबरवर. जेवणाच्या सुटीत बोलून टिपण करायला ते छान आहे, नेटवर्क नसलं तरी नोंद होते, आणि यंत्राच्या नेमप्लेटचा फोटो त्याच टिपणात राहतो. शीट फोनवर भरणं मात्र त्रासाचं आहे. छोट्या पडद्यावर सात रकाने इकडून तिकडे सरकवताना माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो.

शोधताना

इथं पारडं पूर्ण फिरतं. वहीत दोन वर्षांपूर्वीचा फॉल्ट शोधायचा म्हणजे अनुक्रमणिका नीट ठेवलेली हवी, आणि बहुतेक जण ती दुसऱ्या महिन्यातच सोडून देतात.

कीपमध्ये शब्द टाकला की टिपण समोर येतं, पण मराठीत एक मोठी ग्यानबाची मेख आहे. एकदा "सिल्व्हर स्ट्रीक" लिहिलं, एकदा "सिल्वर स्ट्रिक", एकदा रोमन लिपीत, तर शोधात तिन्ही एकत्र येत नाहीत. तुम्हाला वाटतं नोंद एकच आहे, असतात मात्र तीन. यावर उपाय लेबलचा: फॉल्टचं नाव लिहून काढायचं नाही, ठरलेल्या लेबलमधून निवडायचं. लेबल ५० च्या पुढे जात नाहीत, म्हणून ती मशीन आणि फॉल्टपुरतीच ठेवा. कीपमध्ये फोल्डर नाही, आकड्यांवर क्रमवारी लावता येत नाही. पाचशे टिपणं झाली की ढीग होतो.

शीटमध्ये हेच काम चोख होतं. रकाने सात: तारीख, मशीन किंवा काम, अडचण, कारण, उपाय, आधीचा-नंतरचा आकडा, कुणाकडून शिकलो. 'अडचण' या रकान्याला ड्रॉपडाउन (ठरलेल्या नावांची निवडयादी) लावा, म्हणजे स्पेलिंगचा प्रश्नच मिटतो. आधीचा आणि नंतरचा आकडा दोन उपरकान्यांत वेगळा ठेवा. एकाच खणात "४० वरून ३" लिहिलं तर त्याचा हिशोब शीट करत नाही. आकडे इंग्रजी अंकांत टाका.

तारखेचा एक घोळ हमखास होतो. फाइलचं लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीनं तारीख वाचायची ती सेटिंग) अमेरिकेचं असेल, तर दिवस आधी लिहिलेली १२/०७ ही तारीख शीट ७ डिसेंबर समजतं. आणि २५/०७ तर तारीख म्हणून घेतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी भलत्या महिन्यात आणि बाकीच्या क्रमवारीबाहेर. पहिली नोंद करण्याआधी फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल इंडिया करा. नंतर दुरुस्त करायला फार वेळ जातो.

वहीतली प्रत्येक नोंद शीटमध्ये चढवायची गरज नाही. सुटीच्या दिवशी वीस मिनिटं बसून आठवड्यातल्या दोन किंवा तीन नोंदी निवडा, ज्यांत आकडा बदलला किंवा नवीन कारण कळलं. वर्षाला शंभर ते दीडशे ओळी होतात. त्यातून बायोडेटात "पीसी मोल्डिंगमधील सिल्व्हर स्ट्रीकचं कारण शोधून रिजेक्शन तासाला ४० वरून ३ नगांवर आणलं" अशी ओळ लिहिता येते, आणि समोरच्यानं खोदून विचारलं तरी उत्तर तयार असतं.

डाळ मिलमध्ये अकाउंट सांभाळणाऱ्यानं हेच सात रकाने घ्यावेत, फक्त मशीनच्या जागी रिटर्नचा प्रकार. जीएसटी मासिक भरणाऱ्याची जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या रिटर्नची २० तारीख जवळ आली की ज्या चुका दरवेळी निघतात, त्या दोन-तीन महिन्यांत डोळ्यांसमोर येतात.

हरवलं, भिजलं, भरलं

वही भिजते, वाळवी लागते, बसमध्ये राहते. महिन्याच्या शेवटी गुगल ड्राइव्ह ॲपच्या स्कॅननं सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा आणि नाव "२०२५-०७" असं वर्ष आधी, महिना नंतर असं द्या, म्हणजे फाइली आपोआप ओळीनं लागतात.

कीपमधलं पुसलेलं टिपण कचऱ्यात ७ दिवसच राहतं. ड्राइव्हमधली फाइल ३० दिवस राहते, शिवाय शीटमध्ये आवृत्त्यांचा इतिहास असतो. चुकून रकाना पुसला तरी मागं जाता येतं. मात्र ड्राइव्हमधल्या फाइलींना आणि शीटला गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल आणि फोटोंसोबत वाटून घ्यावी लागते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की जीमेलला नवीन मेल येणं थांबतं, आणि त्यात इंटरव्ह्यूचं बोलावणंही अडकू शकतं. दोन वर्षं न उघडलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं, म्हणून नोंदींसाठी वेगळं खातं काढून विसरू नका.

कोर्स आणि सर्टिफिकेट

इथं वहीचा काही उपयोग नाही. एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) कोर्स घेतला तर दर आठवड्याच्या असाइनमेंटची मुदत असते. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात, आणि सर्टिफिकेटसाठी २५ पैकी १० व ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. परीक्षा चांगली जाऊनही असाइनमेंटच्या गुणांवर अडकणारे असतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरल्या जातात, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात एखादी चुकली तर घाबरू नका. मुदत फोनच्या रिमाइंडरवर टाका.

कागदपत्रांसाठी डिजीलॉकर हे सरकारी ॲप. पण त्यात एक फरक जपा: संस्थेनं थेट दिलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो, तुम्ही स्कॅन करून चढवलेला मानला जात नाही. कुणी विचारेपर्यंत वाट न पाहता आयटीआयचं किंवा विद्यापीठाचं प्रमाणपत्र थेट मिळतंय का, ते आधीच शोधून ठेवा. मिळत नसेल तर मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये; लॅमिनेशन करू नका, कारण नंतर त्यावर शिक्का मारता येत नाही.

नोकरी सोडताना

शीट आणि कीप स्वतःच्या खात्यावर काढा, कंपनीनं दिलेल्या मेलवर नाही. राजीनाम्याच्या दिवशी कंपनीचं खातं बंद झालं की तीन वर्षं त्यासोबत गेली. याची दुसरी बाजूही पाळायला हवी. कंपनीच्या डायचं (साच्याचं) ड्रॉइंग, कंपाउंडचं (प्लास्टिकच्या मिश्रणाचं) प्रमाण, ग्राहकाचं नाव यातलं काहीही वहीत किंवा फोटोत नको. ते तुमचं नाही, आणि नव्या साहेबालाही असा माणूस नको असतो. दाणा का सुकवायचा, किती वेळ, नाही सुकवला तर काय होतं, हे तुमचं शिक्षण आहे, ते लिहा. कंपाउंडमधल्या फिलरची (भर घालणाऱ्या पदार्थाची) टक्केवारी समोर दिसत असली तरी त्या जागी एक रेघ ओढा आणि पुढची ओळ लिहा.