स्पे खोऱ्याची डे टूर: खोरं भारी, टूर ठीकठाक

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसहून मिनीबसने निघणारी स्पे नदीच्या खोऱ्याची एक टूर केली, आईबाबा सोबत होते. कंपनीचं नाव टाकत नाही. पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन एकट्या ड्रायव्हर-गाइड काकांचे.

स्पे साधारण 172 किमीची, स्कॉटलंडमध्ये टे नदीनंतर हीच लांब, आणि पाण्याला भयंकर ओढ. वर किंग्यूसीकडे खोरं रुंद नि पाणथळ आहे. किंग्यूसी आणि न्यूटनमोर ही शेजारची गावं, मध्ये जेमतेम पाच किमी, पण शिंटीवरून (हॉकीसारखाच खेळ, फक्त जास्त आडदांड) विळ्याभोपळ्याचं सख्य. काका स्वतः न्यूटनमोरचे, त्यामुळे किंग्यूसीतून गाडी जाताना कॉमेंट्री एकदम एकतर्फी, आम्ही हसून बेजार. पुढे पाइनची जुनी जंगलं लागतात, पूर्वी इथले ओंडके नदीत सोडून थेट समुद्रापर्यंत न्यायचे आणि मुखाजवळच्या किंग्स्टनला त्याची जहाजं बांधायचे.

इथवर मस्त, मग डिस्टिलरी सुरू. एक झाली की दुसरी, आणि आमच्यातलं कोणीच पीत नाही हे बुकिंगच्या वेळी सांगूनही काही फरक नाही. व्हिस्कीवर इथलं पोट चालतं हे मान्य, पण दुसऱ्या डिस्टिलरीत परत तेच तांब्याचे हंडे बघून बाबा चक्क खुर्चीत पेंगले. त्यापेक्षा क्रेगेलाखीची कूपरेज बघा, व्हिस्कीची पिंपं दुरुस्त करणारा कारखाना. वरच्या गॅलरीतून खाली कारागीर दिसतात, ओकच्या फळ्या गोल उभ्या करायच्या, लोखंडी कडं ठोकत ठोकत खाली उतरवायचं, खिळा नाही की गोंद नाही. बाबांची झोप तिथे उडाली!

जवळच इंजिनिअर टेलफर्डचा 1814चा बिडाचा पूल आहे, आता फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी. कमानीवर ओतलेल्या अक्षरांत वेल्समधल्या कारखान्याचं नाव अजून वाचता येतं. 1829च्या महापुरात खोऱ्यात हाहाकार उडाला तरी हा टिकला. खालचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वरच्या पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या) जमिनीमुळे.

आणि नदीच्या मुखाशी, स्पे बेला, किती वेळ दिला? वीस मिनिटं! गोट्यागोट्यांचा अख्खा किनारा, नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात, आणि आम्हाला गाडीकडे पळावं लागलं.

जेवणाचं शाकाहारींनी स्वतःचं बघावं, डबा न्या. ॲबरलावर गावात वॉकर्सची शॉर्टब्रेड (लोण्याची बिस्किटं) मिळते, 1898पासूनची बेकरी, त्यात अंडं नसतं.

न पिणाऱ्यांनी सरळ एल्गिनला राहा आणि 36 नंबरची बस पकडा, रोथेस, क्रेगेलाखी, ॲबरलावर करत डफटाउनला जाते, हवं तिथे उतरा. फक्त परतीची वेळ आधी बघून ठेवा, संध्याकाळी बस कमी असतात.