पोर्तुगालची फॅमिली टूर : व्हिसा झकास, पण रोज पनीर?

मेच्या शेवटी सगळे मिळून पोर्तुगालला जाऊन आलो, इथल्याच, गोव्यातल्या, एका टूर कंपनीबरोबर. नाव देत नाही, कारण बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने हेच चालतं असं जाऊन आलेले लोक सांगतात. पाचपैकी तीन स्टार, आणि तिन्ही व्हिसा-बुकिंगचे. जेवणाला भोपळा.

आधी चांगलं ते. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) कटकट त्यांनी पूर्ण अंगावर घेतली. मोठ्या माणसाला ९० युरो फी, वर निदान ३०,००० युरोंचा इन्शुरन्स, बँक स्टेटमेंटं, पोरांच्या शाळेची पत्रं, एकेक कागद फोन करून मागवून घेतला. बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा, त्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला असता, पण ‘आपण इंडियन’ म्हणत त्यांनी कधी फॉर्म भरला नाही आणि आता व्हिसाच्या लाईनीत सगळ्यात जास्त कुरकुर त्यांचीच. लिस्बनजवळच्या सिंत्राच्या पेना पॅलेसला आत जायची वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, तेही आधीच काढलेलं. हॉटेल स्वच्छ, मेट्रोच्या जवळ.

आता जेवण. पॅकेजवर मोठ्या अक्षरांत ‘रोज रात्री इंडियन डिनर’. पहिल्या रात्री पनीर बटर मसाला, दाल मखनी, जीरा राईस. दुसऱ्या रात्री तेच, फक्त पनीर कढाईत गेलं. अहो आम्ही फोंड्याची माणसं, सोमवार-गुरुवार सोडले तर हुमणाशिवाय (माशांच्या आमटीशिवाय) शीत घशाखाली उतरत नाही, आणि लिस्बनच्या गल्ल्यागल्ल्यांतून कोळशावर तारल्या भाजल्याचा वास येतोय आणि आमची बस निघाली पनीरला! टूर मॅनेजरला म्हटलं, दादा एक दिवस तरी मासे द्या, तर म्हणे ग्रुपमध्ये व्हेज लोक आहेत. असू देत की, त्यांना द्या पनीर.

शेवटी एका संध्याकाळी डिनरवर पाणी सोडून आम्ही लिस्बनच्या जुन्या आल्फामा भागात घुसलो. छोटं खानावळीसारखं हॉटेल. तारल्या आल्या, अख्ख्या, डोक्यासकट, वर फक्त जाडं मीठ, बाजूला उकडलेले बटाटे. आई आधी ‘हळदसुद्धा नाही?’ म्हणाली आणि मग बोलणं बंद, ताटात नुसते काटे. बाबांनी बाकाल्याव घेतला. हा मासा येतो नॉर्वे-आइसलँडकडून, खारवून सुकवलेला, एकदोन दिवस पाण्यात भिजवून मीठ काढतात आणि मग शिजवतात, म्हणजे आपल्या पुरुमेताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या) खाऱ्या बांगड्याचा थोरला भाऊच. एक लक्षात ठेवा, बसल्याबसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नाही. खाल्लं की बिलात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी काही म्हणत नाही.

दुसरी तक्रार घाईची. लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे, गडी मेला कोचीत १५२४ साली आणि शेवटी आणून ठेवला इथे. बाबा कबरीसमोर कमरेवर हात ठेवून उभे, शाळेत पोर्तुगीज शिकलेला माणूस, काहीतरी सांगणार एवढ्यात मॅनेजरची शिट्टी, चला चला बस लागली! शेजारीच १८३७ पासूनचं पास्तेइश द बेलेंचं दुकान, तिथे बसून गरम गरम पेस्ट्रीवर दालचिनी भुरभुरवून खायची असते, तर आमच्यासाठी बॉक्स बसमध्ये आले. थंडगार. वरचा पापुद्रा पार मऊ पडलेला. पोरांनी तरी संपवल्या, ती गोष्ट वेगळी.

तर पहिल्यांदा युरोपला जात असाल, बरोबर वयस्कर माणसं असतील, तर व्हिसा, विमान, हॉटेल आणि सिंत्रा यांच्याकडून बिनधास्त घ्या. डिनर काढून रेट मागा, आधी नाही म्हणतात, मागे लागलं की देतात, आमच्याच ग्रुपमधल्या म्हापशाच्या एका जोडप्याने तसा घेतलेला. आणि बेलेंला जायचं तर सोमवार सोडून जा, मठ बंद असतो.